भीड मोडण्याचा अभ्यासक्रम

भाषा शिकायला बुद्धी लागते, हा समज बुद्धिमान लोकांनीच पसरवलेला असावा. कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना परभाषा बोलता येत नाही. त्यांना ती वाचता येते, तिच्यातल्या लेखकांवर मतं देता येतात, तिच्या व्याकरणातले अपवाद दाखवता येतात. फक्त त्या भाषेत रिक्षा थांबवता येत नाही. बोलायला लागतो तो कोडगेपणा, आणि तो उपजत नसला तरी शिकवता येतो, असं माझं म्हणणं आहे. पुरावा मेक्सिको सिटीच्या उत्तर भागात, एका उंच भिंतीआड आहे. तिथे मॉर्मन चर्चचं प्रचारक-प्रशिक्षण केंद्र आहे. (मॉर्मन हे नाव त्या चर्चला हल्ली नको असतं, पण त्याचं पूर्ण नाव लिहायचं तर अर्धा परिच्छेद तिथेच संपेल.) अठरा-एकोणीस वर्षांची अमेरिकन मुलंमुली इथे विमानातून उतरतात. मुलग्यांच्या अंगावर पांढरा शर्ट आणि टाय, सगळ्यांच्या छातीवर काळा बिल्ला. त्या बिल्ल्यावर मुलग्याच्या नावामागे ‘एल्डर’ लिहिलेलं असतं, म्हणजे वडीलधारे. आणि या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांना स्वतःचा शर्ट स्वतः धुवायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आलेली असते. साधारण सहा आठवड्यांनी त्यांना मेक्सिकोच्या किंवा आणखी दक्षिणेकडच्या एखाद्या गावात सोडून देतात. पुढे मुलग्यांनी एकूण दोन वर्षं आणि मुलींनी दीड वर्ष पूर्ण होईपर्यंत अनोळखी माणसांची दारं वाजवायची आणि स्पॅनिशमध्ये धर्म सांगायचा.

सहा आठवडे म्हणजे किती कमी, हे अमेरिकी सरकारला विचारावं. तिथल्या परराष्ट्र खात्याची स्वतःची भाषाशाळा आहे आणि होतकरू मुत्सद्द्याला स्पॅनिश यायला ती २४ ते ३० आठवडे धरते. मुत्सद्दी वयाने मोठा, शिकलेला, पगारी. शिवाय चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प राहणं हे त्याच्या व्यवसायाचं कौशल्यच. प्रचारकाला गप्प राहण्याची सोय नाही. गप्प राहिला तर त्याचं कामच संपलं. केंद्राची सगळी दिनचर्या या एका गोष्टीवर बेतलेली आहे. पहाटे साडेसहाच्या सुमारास उठणं, मग स्वतःचा अभ्यास, जोडीने अभ्यास, भाषेचा अभ्यास, तीन-तीन तासांचे वर्ग, थोडा खेळ, आणि साडेदहाला दिवे बंद. प्रार्थना पहिल्या दिवसापासून स्पॅनिशमध्ये. वर्गाबाहेरही शक्य तितकं स्पॅनिशच बोलायचं, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर अर्धी वाक्यं हाताने पुरी होतात. आणि जोडीदार. तो आपण निवडायचा नसतो, तो नेमून दिला जातो. आणि न्हाणीघर सोडलं तर दिवसभर तो नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात असायलाच हवा. आपल्याकडे लग्न ठरवतानासुद्धा मुलामुलीला एकदा गच्चीवर बोलायला पाठवतात. इथे तेवढंही नाही. पण भाषेच्या दृष्टीने या जोडीदाराचा उपयोग मोठा आहे: तुमची प्रत्येक चूक ऐकणारा एक साक्षीदार सदैव हजर असतो, आणि चार दिवसांत त्याच्यासमोर लाजायचं तुम्ही सोडून देता.

खरी कमाल मात्र तिसऱ्या दिवसाच्या आसपास घडते. मुलं अजून ‘माझं नाव अमुक’ इथवरच पोचलेली असतात, आणि त्यांना सांगतात की उद्या एका माणसाला धर्म समजावून द्यायचा आहे, स्पॅनिशमध्ये. माणूस येतो. तो देवाबद्दल शंका विचारतो, घरच्या अडचणी सांगतो, मध्येच फार भरभर बोलतो. मुलं मूठभर शब्दांच्या भांडवलावर त्याला विश्वाच्या उत्पत्तीपासून मरणोत्तर जीवनापर्यंत सगळं समजावू पाहतात. हा माणूस बहुधा केंद्रातलाच एक शिक्षक असतो, नाटक करणारा. आणि बरेचदा पुढच्या आठवड्यात तोच फळ्यापुढे उभा राहून भूतकाळाची रूपं शिकवू लागतो. ज्याचा आत्मा वाचवायला आपण घाम गाळला त्याला मुळात आपली क्रियापदं वाचवायची होती, हे तेव्हा कळतं. एखाद्या शिक्षणतज्ज्ञाला हा प्रकार क्रूर वाटेल. पण आपल्या शाळांची पद्धत याच्या बरोबर उलटी आहे: आधी नियम, मग उदाहरणं, मग रिकाम्या जागा भरा, मग परीक्षा, आणि बोलणं कधीतरी मुलाखतीच्या दिवशी, एकदम. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. तेव्हा पहिलीत असलेली पिढी आता तिशीत आहे, आणि तिच्यातल्या पुष्कळांच्या तोंडचं इंग्रजीतलं सर्वांत अस्खलित वाक्य ‘माय इंग्लिश इज लिटल वीक’ हेच आहे.

इथे कोणी म्हणेल की मराठी माणूस मुळातच भिडस्त, त्याला अमेरिकन पोराचा आगाऊपणा कुठून यावा? हे पटण्यासारखं नाही, कारण हाच भिडस्त मराठी माणूस हिंदी कशी बोलतो ते आपण रोज ऐकतो. हिंदीतली लिंगं तो स्वतःच्या मर्जीने ठरवतो, अडलं की मराठी क्रियापदाला ‘ना है’ जोडून पुढे जातो, ‘मेरेको’ म्हणतो, ‘वो नहीं क्या’ म्हणून वाक्य उघडतो आणि कोणाच्या बापाला भीत नाही. त्यामुळेच त्याला हिंदी येते. दिल्लीच्या प्राध्यापकाला ती हिंदी वाटत नसेल, पण तिच्यात भाडं ठरतं, भांडण होतं, सोयरीकही जमते. इंग्रजीत मात्र त्याच माणसाच्या डोक्यात एक मास्तर लाल पेन घेऊन बसलेला असतो. माणूस एकच, बुद्धी एकच. फरक आहे तो लाजेचा. भीड ही भिकेची बहीण आहे हे आपल्या आज्या सांगत आल्या. भाषेच्या बाबतीत ती सख्खी बहीण निघाली, इतकंच.

आता स्पॅनिश भाषा या मुलांना एका ठिकाणी अनपेक्षित सवलत देते, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. स्पॅनिशमध्ये ठाम सांगायला क्रियापदाचं एक रूप आणि शंका, इच्छा, विनंती यांना दुसरं. हे दुसरं रूप म्हणजे परदेशी विद्यार्थ्याची साडेसाती. वर्षानुवर्षं शिकूनही ते ऐन वेळी सुचत नाही. पण मॉर्मन प्रचारकाचं पहिलंच पाठ केलेलं वाक्य ‘मला ठाऊक आहे की’ या शब्दांनी सुरू होतं. मला ठाऊक आहे की देव आहे, मला ठाऊक आहे की हा ग्रंथ खरा आहे. ज्याला सगळंच ठाऊक आहे त्याला शंकेचं रूप लागतच नाही, त्यामुळे संशयी माणसाच्या निम्म्या व्याकरणात त्याचा संसार चालतो. श्रद्धा किती सोयीची असते याचा इतका रोकडा पुरावा धर्मशास्त्राच्या ग्रंथांतही सापडणार नाही. मात्र संध्याकाळी प्रार्थनेला बसलं की पंचाईत होते, कारण देवाकडे काही मागायचं म्हणजे विनंती आली, आणि विनंतीला ते दुसरंच रूप. म्हणून बहुतेकांचं ते रूप पक्कं होतं ते देवाकडे मागता मागताच. आदरार्थी बोलण्याचा हिशेबही असाच मजेशीर. प्रचारकाने सगळ्यांना ‘उस्तेद’ म्हणायचं, म्हणजे आपलं ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’. आपल्याच वयाच्या, शेजारच्या पलंगावर घोरणाऱ्या जोडीदारालासुद्धा. देवाला मात्र ‘तू’, आणि योगायोग असा की स्पॅनिशमध्येही त्याचा उच्चार ‘तू’च आहे. अमेरिकन मुलाला हे विचित्र वाटतं. पंढरपूरला जाणाऱ्याला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

पहिला खरा आक्षेप शब्दसंग्रहाचा. टीकाकार म्हणतात, या मुलांची भाषा म्हणजे एका विषयाची पोपटपंची: त्यांना ‘प्रायश्चित्त’ आणि ‘पुनरुत्थान’ म्हणता येतं, पण बादली मागता येत नाही. आक्षेप खरा आहे, पण त्याचं कारण प्रचारात नसून इतिहासात आहे. इंग्रजीने आपले जड शब्द लॅटिनकडून घेतले आणि स्पॅनिश तर लॅटिनचीच लेक; त्यामुळे मोक्ष, साक्षात्कार, पुनरुत्थान हे सगळे शब्द शेपटी थोडी वळवली की इंग्रजीतून थेट स्पॅनिशमध्ये जातात. बादली, स्क्रू, चाळणी, पायपुसणं हे मात्र नव्याने पाठ करावे लागतात. कोलकात्याला बदली झालेल्या मराठी माणसाला हा अनुभव समजेल: आत्मा, मुक्ती, संसार, वैराग्य यांवर बंगाली शेजाऱ्याशी तासभर बोलता येतं, अडतं ते कोथिंबिरीपाशी. थोडक्यात, इंग्रजी बोलणाऱ्याला स्पॅनिशमध्ये स्वर्ग सोपा आहे आणि स्वयंपाकघर अवघड. म्हणून अभ्यासक्रम स्वर्गापासून सुरू होतो यात चूक नाही. स्वर्ग हे उमेदवाराला दिलेलं आयतं भांडवल आहे. त्याच्या जोरावर तो लोकांच्या घरात शिरतो, आणि घरात शिरल्यावर बादली दिसतेच.

चुकांचा आक्षेप मी आक्षेपच मानत नाही. स्पॅनिशमध्ये पाप आणि मासा या दोन शब्दांत एका ‘स’चा फरक आहे, त्यामुळे आपापल्या माशांबद्दल मनापासून पश्चात्ताप करा असं कळकळीने सांगणारे तरुण मेक्सिकोने पुष्कळ पाहिलेत. लोक हसतात आणि दुरुस्त करतात. कोकणात हा उपदेश कोणी दुरुस्त करेपर्यंत ऐकून घेतला असता का, याबद्दल मला शंका आहे.

दुसरा आक्षेप बाहेरच्यांचा नाही, खुद्द चर्चचाच आहे. ते म्हणतील, कोडगेपणा वगैरे काही नाही. हा वाणीचा प्रसाद आहे, पवित्र आत्म्याने प्रचारकाला दिलेली देणगी. श्रद्धेशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण वेळापत्रकाशी घालता येतो. स्पॅनिशला जिथे सहा आठवडे ठेवतात तिथे जपानी, कोरियन, चिनी यांच्यासाठी नऊ ठेवतात. म्हणजे चमत्कारालाही चिनी लिपीसमोर तीन आठवडे जादा लागतात. शिवाय याच चर्चने १९६१ मध्ये यूटातल्या प्रोव्हो इथे विद्यापीठाच्या आधाराने प्रचारकांसाठी भाषासंस्था काढली. तिचा वाढत वाढत आजचा पसारा झाला आणि तिथे पन्नासाहून अधिक भाषा शिकवतात. प्रसादावर पूर्ण भरवसा असणाऱ्यांनी इतके वर्ग, इतके फळे आणि इतके शिक्षक कशाला ठेवले असते? माझा समज असा की त्या देणगीवरचा विश्वास हाच या पद्धतीतला सर्वांत कामाचा भाग आहे. मला भाषा येणारच, ती वरून मंजूर झालेली आहे, असं ज्या मुलाला वाटतं तो तोंड उघडायला घाबरत नाही. आणि तोंड उघडणाऱ्याला भाषा येतेच. देणगी वाणीची नसेल कदाचित, निर्धास्तपणाची नक्कीच असते.

तिसरा आक्षेप जुन्या लोकांचा: पूर्वीचे मिशनरी पहा, त्यांची विद्वत्ता पहा, आणि ही सहा आठवड्यांची पोरं पहा. तर पूर्वीचे पाहूच. १५२४ मध्ये बारा फ्रान्सिस्कन साधू स्पेनहून मेक्सिकोत आले. स्पॅनिश तेव्हा तिथे फक्त जिंकणाऱ्यांची भाषा होती. लोक नाहुआत्ल बोलत. साधूंपाशी ना व्याकरण, ना कोश. त्याच शतकातला फ्रान्सिस्कन इतिहासकार मेंदिएता सांगतो की या गंभीर माणसांनी आपला आब बाजूला ठेवला, लहान मुलांबरोबर काड्या आणि खडे घेऊन खेळायला बसले, मुलांच्या तोंडून पडणारे शब्द टिपून घेतले आणि संध्याकाळी एकमेकांच्या टिपणांशी ताडून पाहिले. पुढे त्यांच्या मदतीला अलोन्सो दे मोलिना आला. तो स्पॅनिश विधवेचा मुलगा. गल्लीतल्या पोरांबरोबर खेळताना नाहुआत्ल शिकलेला. त्याचा नाहुआत्ल कोश १५५५ मध्ये छापला गेला. म्हणजे विद्वत्तेची ती सगळी इमारत उभी राहिली ती प्रौढ माणसांनी लहान पोरांसमोर चुकायला तयार होण्यावर. आपल्याकडचा दाखलाही असाच. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि त्याचं ओवीबद्ध मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं १६१६ मध्ये. मधली ३७ वर्षं तो सालसेटच्या लोकांच्या कानांवर किती अशुद्ध मराठी घालत होता याची नोंद कोणी ठेवली नाही. आपल्याला मिळाल्या त्या शेवटी जमलेल्या ओव्या. विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ चं, कोश १८१० चा. तो बंगालात बसून मराठी शिकला, वैजनाथ पंडितांच्या मदतीने. केरीचं नाव शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं. वैजनाथ पंडितांनी त्याचे कोणकोणते उच्चार सहन केले ते कोणी विचारत नाही.

आणि इथेच या अभ्यासक्रमाची खरी किंमत कोण भरतं हा प्रश्न येतो. माझ्या युक्तिवादातला मला स्वतःला अडचणीचा वाटणारा भाग हाच. कोडगेपणाने भाषा येते हे कबूल. पण कोडग्याला ऐकून घेणारा कोणी लागतो, आणि ऐकून घेणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. गोरा अमेरिकन मुलगा मोडकं स्पॅनिश बोलला की मेक्सिकन बाई कौतुकाने हसते, खुर्ची देते, हातावर काहीतरी खायला ठेवते. त्याच बाईचा भाचा टेक्सासमध्ये मोडकं इंग्रजी बोलला की त्याला पुन्हा म्हण, नीट म्हण, असं सांगणारे भेटतात, आणि ते हसतात तेव्हा कौतुकाने नाही. आपल्याकडेही परदेशी पाहुणा ‘नमस्कार’ म्हणाला तर सभागृह टाळ्या वाजवतं, आणि बिहारहून आलेला सुतार वर्षभरात कामापुरतं मराठी बोलायला लागला तर त्याच्या ‘ळ’ची नक्कल होते. लाज सोडण्याची मुभा ही सुद्धा एक मिळकत आहे. ती काहींना जन्मतःच मिळते, काहींना कितीही शिकवली तरी मिळत नाही. केंद्रात लॅटिन अमेरिकेतले प्रचारकही येतात. त्यांना स्पॅनिश शिकायचं नसतं, त्यामुळे ते लवकर बाहेर पडतात. आणि उद्या त्यांच्यातल्या कोणाला अमेरिकेत पाठवलं तर त्याच्या इंग्रजीला तिथल्या दारांत इतकी खुर्ची मिळेल असं वाटत नाही.

केंद्राच्या आवाराचा इतिहासही या हिशेबात धरायला हवा. तिथे १९६४ पासून याच चर्चची ‘बेनेमेरितो दे लास अमेरिकास’ नावाची निवासी शाळा होती. हे बिरुद बेनितो हुआरेसचं, झापोतेक या आदिवासी समाजातून येऊन मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाचं. मेक्सिकन मुलं तिथे शिकत, राहत, नाचत. मग ऑक्टोबर २०१२ मध्ये चर्चने प्रचारकांचं किमान वय मुलग्यांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ केलं. दोन वर्षांत प्रचारकांची संख्या ५८ हजारांवरून ८५ हजारांवर गेली आणि प्रोव्होत खाटा पुरेनात. २०१३ च्या जानेवारीत शाळा बंद होणार असं जाहीर झालं, जूनमध्ये त्याच इमारतींत प्रशिक्षण केंद्र उघडलं. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची शाळा गेली आणि स्पॅनिश न येणाऱ्या मुलांची आली. चर्चच्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच, की शाळा काढली तेव्हा मेक्सिकोत सरकारी शाळा कमी होत्या आणि बंद केली तेव्हा त्या पुष्कळ झाल्या होत्या. मुद्दा बिनतोड आहे. तरी त्या जानेवारीत रडणाऱ्या विद्यार्थ्यांना तो कोणत्या क्रियारूपात सांगितला असेल, असा प्रश्न पडतोच.

तेव्हा माझं मूळ म्हणणं थोडं दुरुस्त करून ठेवतो: भाषा येते ती बोलणाऱ्याच्या कोडगेपणाने आणि ऐकणाऱ्याच्या उदारपणाने, आणि केंद्रात यातला पहिलाच अर्धा भाग शिकवतात. दुसरा अर्धा मेक्सिकोच्या गल्ल्या फुकट पुरवतात. या गल्ल्यांना दाराशी येणाऱ्यांचं वावडं नाही. मेक्सिको सिटीत जुन्या गाद्या, फ्रिज, शेगड्या आणि भंगार विकत घेणाऱ्याची गाडी एका लहान मुलीच्या आवाजातली ध्वनिमुद्रित हाक वाजवत रोज फिरते. तामाले हा मक्याचा पदार्थ विकणाऱ्याची हाकही अशीच ध्वनिमुद्रित. प्रचारकाची अडचण एवढीच की त्याला आपली हाक ध्वनिमुद्रित करून आणता येत नाही, ती दर दारात नव्याने जुळवावी लागते. दार उघडणारी बाई धर्म नको म्हणते, पुस्तिका नको म्हणते, रविवारी यायला वेळ नाही म्हणते. पण ‘साठी’ या अर्थाचं ‘पोर’ कुठे आणि ‘पारा’ कुठे वापरायचं हे मात्र ती उंबऱ्यात उभी राहून दहा मिनिटं समजावते, कारण तिच्या घरासमोर कोणी तिच्या भाषेची अशी दशा करून जावं हे तिला पाहवत नाही. दीड-दोन वर्षांत त्याचं स्पॅनिश चांगलं मुरतं; तो बाजारात घासाघीस करतो, विनोदावर वेळेवर हसतो, शिव्याही ओळखतो. नेमकी तेव्हाच त्याची मुदत संपते, आणि त्या बाईच्या दारात पांढऱ्या शर्टाची, नव्या बिल्ल्याची दुसरी स्वारी माशांबद्दल पश्चात्ताप करायला सांगत उभी राहते.